इटालियन क्रियापदं चालवायची तर मराठीतले चार ‘अर्थ’ आठवा

प्रश्न असा आहे: “सात महिने झाले, इटालियन शिकते आहे. आरे, एरे, ईरे असा शेवट असणाऱ्या तिन्ही गटांचे तक्ते पाठ आहेत. रिकाम्या जागा भरायला दिल्या तर बरोबर भरते. पण बोलायची वेळ आली की कुठला काळ आणि कुठला अर्थ घ्यायचा हे सुचत नाही, सगळं वर्तमानकाळातच येतं. नियमित क्रियापदं सगळ्या अर्थांत आणि काळांत कशी चालवायची, एकदा सलग सांगाल का?”

सांगते. पुण्यात गेली अठरा वर्षं मी इटालियन शिकवते, आणि हाच प्रश्न दर तुकडीत कुणीतरी विचारतं. तक्ते पाठ असूनही तोंडात येत नाहीत, कारण बहुतेक जण मनात मराठी वाक्य करतात, त्याचं इंग्रजी करतात आणि मग त्या इंग्रजीचं इटालियन करायला जातात. हा मधला मुक्काम काढून टाका. इंग्रजीत क्रियापद फारसं चालतच नाही. आपण मात्र जन्मापासून बोलतो, बोलतेस, बोलतात, बोललीस, बोलशील, बोलावं अशी रूपं न अडखळता वापरतो. कर्ता गाळायचीही आपल्याला सवय आहे. ‘येतेस का?’ म्हणताना आपण ‘तू’ म्हणत नाही, इटालियन माणूसही म्हणत नाही.

शाळेत क्रियापदाचे चार अर्थ शिकलो होतो ते आठवा: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. ती बोलते. तू बोल. तिने बोलावं. ती बोलली असती तर… इटालियनमध्ये पुरुषाप्रमाणे बदलणारे ‘मोदो’ (म्हणजे अर्थ) हेही चारच आहेत: इन्दिकातीवो, इम्पेरातीवो, कोन्जुन्तीवो, कोन्दित्स्योनाले. जोड्या याच क्रमाने लागतात. शंभर टक्के जुळत नाहीत, कुठे जुळत नाहीत ते पुढे सांगतेच, पण डोक्यात ही चार खणांची पेटी असली की नवं रूप कुठे ठेवायचं ते कळतं. याशिवाय पुरुषाप्रमाणे न बदलणारे तीन मोदो आहेत: मूळ रूप, कृदंत आणि जेरून्द्यो (आपल्या ‘बोलत’सारखं रूप). सगळे मिळून व्याकरणात 21 काळ मोजले जातात. आकडा ऐकून घाबरू नका. त्यातले 9 संयुक्त आहेत, म्हणजे मदतीचं क्रियापद जोडून होतात, ते वेगळे पाठ करायचेच नाहीत.

आधी रूपाची बांधणी बघू. आपल्या जुन्या व्याकरणकारांनी रूपांना प्रत्ययावरून नावं दिली: ताख्यात, लाख्यात, वाख्यात. अक्षर ऐकलं की गट कळतो. इटालियनलाही हीच युक्ती लावा. प्रत्येक रूपात मूळ धातू, गटाचा स्वर (आ, ए, ई), काळाची खूण आणि शेवटी पुरुषाचा प्रत्यय असतो. पार्लारे (बोलणे), क्रेदेरे (विश्वास ठेवणे) आणि दोर्मीरे (झोपणे) ही तीन क्रियापदं घेऊ. इम्पेर्फेत्तोची, म्हणजे ‘बोलत होते’सारख्या भूतकाळाची, खूण ‘व’: पार्लावो, क्रेदेवो, दोर्मीवो. भविष्य आणि संकेतार्थाची खूण ‘र’: पार्लेरो, पार्लेरेई. भूतकाळी कोन्जुन्तीवोची खूण ‘स्स’: पार्लास्सी, क्रेदेस्सी, दोर्मीस्सी. वर्तमानकाळाला खूण नाही, धातूला थेट पुरुष लागतो: पार्लो, पार्ली, पार्ला, पार्ल्यामो, पार्लाते, पार्लानो.

पुरुषांचे प्रत्ययही दिसतात तितके नाहीत. ‘आम्ही’चं रूप कुठल्याही काळात ‘मो’ने संपतं. ‘तुम्ही’चं ‘ते’ने. ‘ते’ किंवा ‘त्या’ कर्ता असेल तर ‘नो’ किंवा ‘रो’. ‘तू’चं रूप जवळजवळ नेहमी ‘ई’कारान्त असतं (आणि तू हा शब्द इटालियनमध्येही ‘तू’च आहे). म्हणजे अनोळखी रूप कानावर आलं तरी मधल्या खुणेवरून काळ आणि शेवटावरून कर्ता ओळखता येतो. ‘दोर्मीवाते’: ‘व’ आहे, ‘ते’ आहे, म्हणजे तुम्ही झोपत होतात. तक्ता उघडायची गरज नाही.

आता वही. माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिले तीन महिने क्रियापदांची रूपं रोमनबरोबर देवनागरीतही लिहायला लावते. कारण इटालियन पुस्तकांत ‘लेखनातले बदल’ म्हणून जे प्रकरण असतं, ते देवनागरीत उरतच नाही. शोधणे, चेर्कारे: चेर्को, चेर्की, चेर्का. पैसे देणे, पागारे: पागो, पागी, पागा. रोमनमध्ये ‘ई’ आणि ‘ए’च्या आधी क आणि ग टिकवायला एक एच घालावा लागतो, म्हणून विद्यार्थी त्याला अपवाद समजतात. आवाज मात्र बदललेलाच नाही. खाणे, मांजारे: मांजो, मांजी, भविष्यात मांजेरो. इथेही ज शेवटपर्यंत ज राहतो, फक्त रोमन आय कधी येतो कधी जातो. एरे गटात नेमकं उलट घडतं. वाचणे, लेज्जेरे: लेग्गो, पण लेज्जी. जिंकणे, विंचेरे: विंको, पण विंची. इथे रोमन अक्षरं तशीच राहतात आणि आवाज बदलतो. हा फरक रोमनमध्ये डोळ्यांना दिसत नाही, देवनागरीत लगेच दिसतो. (च चिंचेतला आणि ज जिल्ह्यातला म्हणायचा. चमच्यातला च इथे चालत नाही.)

देवनागरीचा दुसरा उपयोग ईरे गटात होतो. या गटातली काही क्रियापदं सरळ चालतात: दोर्मो, दोर्मी, दोर्मे, दोर्म्यामो, दोर्मीते, दोर्मोनो. काहींच्या मध्ये ‘इस्क’ घुसतो: समजणे, कापीरे, याचं कापीस्को, कापीश्शी, कापीश्शे, काप्यामो, कापीते, कापीस्कोनो. कोणत्यात घुसतो? देवनागरीत लिहून ‘ईरे’च्या जागचं अक्षर पाहा. ते साधं असेल तर ‘इस्क’ येतो: कापीरे, फिनीरे, पुलीरे, स्पेदीरे, प्रेफेरीरे, कोस्त्रुईरे. जोडाक्षर असेल तर रोजच्या वापरातली बरीचशी क्रियापदं सरळ चालतात: दोर्मीरे, पार्तीरे, सेन्तीरे, सेर्वीरे, आप्रीरे, सेग्वीरे. नियमाची पहिली बाजू पक्की आहे, नियमित क्रियापदांत मला रोज भेटणारा अपवाद एकच, शिवणे: कुचीरे. दुसरी बाजू तितकी घट्ट नाही. कोल्पीरे, गारान्तीरे, फाल्लीरे, कोन्दीरे यांत जोडाक्षर असूनही ‘इस्क’ येतो, तेवढी लक्षात ठेवावी लागतात.

आणि ‘आम्ही’, ‘तुम्ही’च्या रूपांत ‘इस्क’ का नाही, हेही समजून घ्या, म्हणजे विसरणार नाही. या क्रियापदांच्या धातूवर जोर पडत नाही. जिथे तो पडण्याची वेळ येते तिथे ‘इस्क’ मध्ये येऊन जोर स्वतःवर घेतो. काप्यामो आणि कापीते यांत जोर आधीच प्रत्ययावर आहे, तिथे त्याचं काम नाही. इम्पेर्फेत्तोत आणि भविष्यातही नाही.

जोराचा विषय निघालाच आहे तर सांगते, इथे देवनागरी आपल्याला मदत करत नाही. ‘मी बोलते’ आणि ‘तो बोलला’ ही दोन्ही रूपं देवनागरीत ‘पार्लो’च दिसतात. पहिल्यात जोर ‘पा’वर, दुसऱ्यात ‘लो’वर. आणि मराठी माणसाची ठरलेली चूक म्हणजे ‘पार्लानो’त ‘ला’वर जोर देणं. जोर ‘पा’वरच राहतो, कारण अनेकवचन एकवचनाच्या मागे जातं: पार्ला तसं पार्लानो, ‘आ’वर जोर देऊन आबिता तसं आबितानो, ‘ले’वर जोर देऊन तेलेफोना तसं तेलेफोनानो. रोमनमध्ये लिहिलेल्या रूपात जोराच्या अक्षराखाली पेन्सिलने रेघ मारा. ही सवय पहिल्या दिवसापासून लागली पाहिजे, नंतर सुधारणं फार जड जातं.

भूतकाळ. इंग्रजीतून आलेले विद्यार्थी इथे सर्वांत जास्त गोंधळतात आणि मराठीतून आलेल्यांनी मुळीच गोंधळू नये. ‘बोलायचे’, ‘बोलत असे’, ‘बोलत होते’ असं जिथे मराठीत येतं तिथे इम्पेर्फेत्तो. ‘बोलले’ येतं तिथे पास्सातो प्रोस्सिमो. आपला रीतिभूतकाळ आणि अपूर्ण भूतकाळ मिळून त्यांचा एक इम्पेर्फेत्तो. लहानपणी आजीकडे राहायचो, आंबे खायचो, दुपारी झोपायचो: आबितावामो, मांजावामो, दोर्मिवामो. मग एक दिवस पत्र आलं: ए आर्रिवाता. इटालियन परीकथा ‘चेरा उना वोल्ता’ म्हणून सुरू होते, म्हणजे आपलं ‘एक होता राजा’. तोही इम्पेर्फेत्तोच. त्यापुढे गोष्टीतल्या घटना पास्सातो रेमोतोत येतात: पार्लो, क्रेदेत्ते, दोर्मी, तृतीय पुरुषी अनेकवचनात पार्लारोनो, दोर्मीरोनो असे. हा काळ दक्षिणेत आणि तोस्कानात बोलण्यातही ऐकू येतो, उत्तरेत तो पुस्तकातच राहतो. तुम्ही तो ओळखायला शिका, बोलायला घाई करू नका. एरे गटातली बरीच क्रियापदं या एका काळात अनियमित होतात, त्यामुळे त्यात शिरायला निवांत वेळ हवा.

पास्सातो प्रोस्सिमोत मदतीचं क्रियापद कधी ‘आवेरे’ (जवळ असणे) तर कधी ‘एस्सेरे’ (असणे) असतं. एस्सेरे घेणाऱ्या क्रियापदांचं कृदंत कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतं: आर्रिवातो, आर्रिवाता, आर्रिवाती, आर्रिवाते. आणि आपलं? पोचला, पोचली, पोचले, पोचल्या. इंग्रजीतून शिकणाऱ्याला ही गोष्ट नव्याने शिकवावी लागते. तुम्हाला फक्त ‘आहे ते’ वापरायचं आहे.

आवेरेच्या बाबतीत मात्र मराठी तुम्हाला फसवेल. आपण ‘मी पोळी खाल्ली’, ‘मी आंबा खाल्ला’ म्हणतो, क्रियापद कर्माच्या मागे जातं. म्हणून माझे विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात ‘ओ मांजाता ला पित्सा’ म्हणतात. चूक आहे. कर्म नंतर येत असेल तर कृदंत हलत नाही: ‘ओ मांजातो ला पित्सा’. पण पित्साच्या जागी ‘ती’ हे सर्वनाम आलं आणि क्रियापदाच्या आधी बसलं, की कृदंत लगेच मराठीसारखं वागतं: ‘लो मांजाता’, ती खाल्ली. एवढं लक्षात ठेवा की सर्वनाम आधी असेल तर मराठी कान लावायचा, नाही तर नाही.

आता त्या 9 संयुक्त काळांकडे या. मला शिकवायला सर्वांत आवडणारा भाग हाच. मराठीत म्हणून पाहा: ती पोचली आहे, पोचली होती, पोचली असेल, पोचली असावी, पोचली असती. ‘पोचली’ जागेवर आहे, फक्त ‘असणे’ हललं. इटालियन: ए आर्रिवाता, एरा आर्रिवाता, सारा आर्रिवाता, सीआ आर्रिवाता, सारेब्बे आर्रिवाता. ओळीला ओळ. आवेरे घेणाऱ्या क्रियापदांनाही तेच: ओ पार्लातो, आवेवो पार्लातो, आव्रो पार्लातो, आब्ब्या पार्लातो, आव्रेई पार्लातो. म्हणजे एस्सेरे आणि आवेरे ही दोन अनियमित क्रियापदं झोपेतही म्हणता आली की नियमित क्रियापदांची अर्धी रूपं फुकट मिळतात. त्या दोघांवर पूर्ण महिना घालवला तरी तो वाया जाणार नाही.

‘पोचली असेल’ हा भविष्यकाळ आहे की अंदाज? मराठीत दोन्ही, आणि इटालियनमध्येही दोन्ही. ‘के ओरे सारान्नो?’ किती वाजले असतील? ‘सारान्नो ले ओत्तो.’ आठ वाजले असतील. इटालियन माणसं भविष्यकाळ अंदाजासाठी फार वापरतात. प्रत्यक्ष उद्याची गोष्ट सांगताना ती बऱ्याचदा आपल्यासारखंच वर्तमानकाळ वापरून ‘दोमानी पार्तो’ म्हणतात, उद्या निघते.

भविष्याची रूपं कुठून आली ते पाहिलं तर पाठांतर निम्मं होतं. लॅटिनच्या शेवटच्या काळात लोक ‘बोलणे’ला ‘आहे’ जोडून बोलू लागले, साधारण आपल्या ‘बोलायचं आहे’सारखं. पार्लारे अधिक ओ, त्याचं झालं पार्लेरो. मग प्रत्यय कुठले, तर आवेरेचीच वर्तमानकाळातली रूपं: ओ, आई, आ, आन्नो. पार्लेरो, पार्लेराई, पार्लेरा, पार्लेरान्नो. संकेतार्थात त्याच आवेरेचं भूतकाळी रूप ‘एब्बे’ जोडलं गेलं: पार्लेरेब्बे. आरे गटात ‘आ’चा ‘ए’ झाला ती फ्लोरेन्सच्या बोलीची खूण. क्रेदेरो, दोर्मीरो यांत स्वर तसेच राहिले.

इथे एका ‘म’ने अर्थ बदलतो. पार्लेरेमो म्हणजे बोलू, पार्लेरेम्मो म्हणजे ‘जमलं तर बोलू’ अशा अर्थाचं. इंग्रजी कानाला हा फरक ऐकूच येत नाही. आपल्याला येतो, कारण ‘पता’ आणि ‘पत्ता’ आपण लहानपणापासून वेगळे ऐकतो. म्हणताना तो म पूर्ण थांबून म्हणा.

मदत मागताना मराठीत आपण ‘मला मदत करशील का?’ असं भविष्य वापरतो आणि ते नम्रच वाटतं. इटालियनमध्ये ‘मी आयुतेराई?’ म्हटलं तर ‘करणार आहेस की नाही?’ असं ऐकू येऊ शकतं. तिथे संकेतार्थ हवा: ‘मी आयुतेरेस्ती?’ दुसरी जागा ‘फोन करेन म्हणाला’ या वाक्याची. आपण त्याचे शब्द तसेच ठेवतो. इटालियन म्हणतात, ‘आ देत्तो के आव्रेब्बे तेलेफोनातो’. भूतकाळात उभं राहून पुढचं सांगायचं असेल तर संयुक्त संकेतार्थ. हे एक सरळ पाठच करा.

राहिला कोन्जुन्तीवो, ज्याची सगळ्यांना धास्ती असते. रूपं सोपी आहेत: आरे गटाला ‘ई’ लागते, बाकी दोघांना ‘आ’. पार्ली, क्रेदा, दोर्मा, कापीस्का, आणि एकवचनात तिन्ही पुरुषांना एकच रूप. अनेकवचनात पार्ल्यामो, पार्ल्याते, पार्लिनो. अवघड असतं ते कधी वापरायचं हे. त्यासाठी माझी कसोटी अशी: मराठी वाक्यात ‘-आवं’ किंवा ‘असावा’ घालून बघा. ‘त्याने थांबावं असं मला वाटतं’, घातलेलंच आहे, म्हणून ‘वोल्यो के आस्पेत्ती’. ‘तो पुण्यात राहतो असं वाटतं’, इथे मराठीत साधं ‘राहतो’ आहे, पण ‘राहत असावा’ म्हटलं तर अर्थ तोच राहतो, म्हणून ‘पेन्सो के आबिती आ पुणे’. ‘तो पुण्यात राहतो हे मला ठाऊक आहे’, इथे ‘असावा’ घालताच येत नाही, म्हणून ‘सो के आबिता’. बोलताना एवढी कसोटी बहुतेक वेळा पुरते.

आणि आज्ञार्थात हाच कोन्जुन्तीवो पुन्हा भेटतो. ‘तू’ला आस्पेत्ता, क्रेदी, दोर्मी, फिनीश्शी. पण परक्या किंवा मोठ्या माणसाला आस्पेत्ती, क्रेदा, दोर्मा, फिनीस्का. आपण पाहुण्याला ‘यावं, बसावं’ म्हणतो ना, विध्यर्थानेच मान देतो? इटालियनही तेच करते. माझी एक विद्यार्थिनी तोरीनोत शिकायला गेली होती. सत्तरीच्या घरमालकीणबाई जिन्यात पिशव्या उचलायला निघाल्या, तेव्हा ही घाईने ‘आस्पेत्ता!’ म्हणाली. बाई काही बोलल्या नाहीत, पण हिला वर्गातलं ‘थांबावं’ आठवलं आणि तिने लगेच ‘आस्पेत्ती, सिन्योरा’ अशी दुरुस्ती केली. त्यानंतर बाईंनी तिला घरात बोलावून कॉफी पाजली. तिचा तो फोन आला तेव्हा मला फार बरं वाटलं. ‘तू’ला नकार देताना मात्र मूळ रूप येतं: ‘नोन पार्लारे’. आपणही ‘न बोल’ म्हणत नाही, रूप बदलून ‘बोलू नको’ म्हणतो.

‘जर-तर’ची वाक्यं ही मराठी बोलणाऱ्यांची खरी परीक्षा. ‘तू फोन केला असतास तर मी थांबले असते.’ आपल्याकडे दोन्ही बाजूंना ‘असता’ आहे. म्हणून विद्यार्थी दोन्हीकडे संकेतार्थ लावतात. ही चूक इटालियन मुलंही करतात आणि शाळेत त्यासाठी ओरडा खातात. ‘से’च्या (म्हणजे ‘जर’च्या) बाजूला ‘स्स’वाला कोन्जुन्तीवो, दुसऱ्या बाजूला ‘र’वाला संकेतार्थ: ‘से आवेस्सी तेलेफोनातो, आव्रेई आस्पेत्तातो’. ‘जर’ला स्स, ‘तर’ला र. फळ्यावर मी हे एवढंच लिहून ठेवते.

सरावासाठी तक्ता बंद करा. रोज एकच नियमित क्रियापद घ्या आणि त्याची सुटी रूपं न म्हणता एका प्रसंगातून ते फिरवा. सुरुवात आरे गटापासून करा. सर्वांत मोठा गट तोच, आणि नवी क्रियापदं भाषेत येतात ती त्यातच: क्लिक्कारे, चात्तारे, पोस्तारे. उद्या बसथांब्यावर उभ्या असाल तर आस्पेत्तारे घ्या. वाट पाहतेय: स्तो आस्पेत्तान्दो. बस आली तेव्हा अर्ध्या तासापासून वाट पाहत होते: आस्पेत्तावो. काल तासभर पाहिली: ओ आस्पेत्तातो. मैत्रीण तिकडे माझी वाट बघत असेल: आस्पेत्तेरा. तिने बराच वेळ पाहिली असेल: आव्रा आस्पेत्तातो. वेळ असता तर मी आणखी पाहिली असती: आव्रेई आस्पेत्तातो. तिने थांबावं असं वाटतं: के आस्पेत्ती. आणि बस सुटताना चालकाला मोठ्याने: आस्पेत्ती!